चाबहार ते ग्वातर : हलवा, नाखवा आणि गांदो

दिवस पहिला (शनिवार, १८ जानेवारी २०२५)

तेहरानला विमानतळ दोन. मुंबईचं विमान शहराबाहेरच्या इमाम खोमेनीला उतरतं आणि देशातली विमानं शहरातल्या मेहराबादहून सुटतात. आम्ही नवराबायको बॅगा सांभाळत, टॅक्सीवाल्याला हातवारे करत मेहराबादला पोहोचलो, तेव्हा कळलं की चाबहारचं विमान चार तास पुढं गेलंय. कंपनीनं तसा मेसेज पाठवला होता म्हणे. फार्सीत, आमच्या चिपळूणच्या नंबरवर, जो इराणात मुकाच होता.

त्या चार तासांत पैशांचं गणित शिकून घेतलं. इराणात आपली कार्डं चालत नाहीत, सगळी ट्रिप रोखीवर. डॉलरला तेव्हा साधारण ऐंशी हजार तोमान. पण नोटांवर हिशेब रियालचा, आणि दहा रियालचा एक तोमान. बोलताना सगळे तोमान बोलतात, तेही शेवटची तीन शून्यं गिळून. चहा 'वीस' म्हणजे वीस हजार तोमान, म्हणजेच दोन लाख रियाल. पहिल्याच चहाला मी दहापट पैसे पुढं केले. चहावाल्यानं एक नोट ठेवली, बाकीच्या परत माझ्या मुठीत कोंबल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

चाबहारला फिरायला जातोय म्हटल्यावर घरी दोनच प्रश्न आले होते. एक, "बंदराचं काही काम आहे का?" दोन, "बलुचिस्तान? डोकं ठिकाणावर आहे ना?" एका काकांनी तर थेट पानिपत काढलं. अब्दालीनं १७६१ नंतर नेलेल्या कैद्यांचे वंशज म्हणवणारे बुगती मराठे तिकडंच ना, त्यांना भेटून या म्हणाले. ते डेरा बुगतीत, पाकिस्तानात. आम्ही निघालो होतो सीमेच्या अलीकडं, इराणच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात. सीस्तान-बलुचिस्तान प्रांताच्या तळाला मकरानचा किनारा आहे, तिथं चाबहार, आणि त्याच्याही पूर्वेला दश्तियारी नावाचं सपाट मैदान. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना विमानानं येऊन पंधरा दिवस हिंडायला व्हिसा लागत नव्हता. म्हटलं, हीच संधी.

चाबहारचं विमान खरं तर उतरतं कोनारकला. चाबहारची खाडी घोड्याच्या नालेसारखी आहे. नालेच्या एका टोकाला कोनारक, दुसऱ्याला चाबहार. दार उघडलं आणि वारा अंगावर आला. थंडीचे दिवस, पण वारा कोमट, खारट, सुक्या मासळीच्या वासाचा. ही म्हणाली, "हर्णैला आल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, हर्णैला एवढी उघडीबोडकी डोंगरं कुठं आहेत?

न्यायला आलेला ड्रायव्हर साठीचा. डोक्याला पांढरं पागोटं, ढगळ सलवार, गुडघ्याखाली येणारा सदरा. पागोट्याला बलुचीत 'पाग'च म्हणतात. कराचीत नातेवाईक असल्यामुळे त्याला उर्दू येत होती, शिवाय हिंदी सिनेमे पाहून पाहून आणखी पक्की झालेली. मी नाव विचारलं तर सांगितलं, पण पहिल्या तासातच ते मागं पडलं. बलुचीत आदरानं 'वाजा' म्हणतात, आपल्या 'साहेब'सारखं. मी त्याला वाजा म्हणायचो, तो मला वाजा म्हणायचा, आणि हिला 'बानुक'. आठवडाभर गाडीत दोन वाजे आणि एक बानुक.

दिवस दुसरा

सकाळी वाजानं बंदराच्या बाजूनं चक्कर मारली. दोन बंदरं आहेत, शहीद कलंतरी आणि शहीद बेहेश्ती. दुसऱ्याचं काम २०१८ च्या डिसेंबरपासून इंडिया पोर्ट्स ग्लोबल पाहत होती, आणि १३ मे २०२४ ला त्याचा दहा वर्षांचा करारही झाला. ही कंपनी २०१५ मध्ये काढली ती आपल्या जेएनपीटीनं आणि कांडला बंदरानं मिळून. म्हणजे उरणच्या न्हावा-शेव्याचं नातं थेट इथवर पोहोचलेलं. फोटो काढायला मनाई. लांबून पाहिलं आणि निघालो.

मला त्यापेक्षा गावातली तारघराची जुनी इमारत पाहायची होती. १८६० च्या दशकात इंग्रजांनी कराचीहून या किनाऱ्यानं तारेचे खांब रोवत नेले. आधी ग्वादर, मग चाबहारवरून जास्क. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. ज्या गोल्डस्मिड साहेबानं तारेसाठी हा किनारा पालथा घातला, त्यानंच पुढं १८७१ मध्ये इराण आणि ब्रिटिशांच्या छत्राखालचं कलात संस्थान यांच्यातली सीमा आखली. तार गेली, सीमा राहिली. आधी एकाच रानात शेळ्या चारणारी भावंडं दोन देशांत वाटली गेली ती गेलीच.

दुपारी तीस. हे चाबहारला लागून असलेलं खेडं म्हणजे मध्ययुगातलं नामांकित 'तीझ' बंदर. अरब भूगोलकारांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. आता खजुराची झाडं, मशीद, शेळ्या आणि टेकडीवर एक पडका किल्ला. लोक त्याला पोर्तुगीजांचा किल्ला म्हणतात. मला हसू आलं. कोकणातही किनाऱ्यावरच्या ज्या भिंतीचा धनी सापडत नाही ती पोर्तुगीजांच्या नावावर खपवतात. पलीकडं डोंगरात 'बान मसीती' नावाच्या तीन गुहा आहेत, त्यातल्या एकीत पांढरी घुमटी. कोणी कशासाठी कोरल्या यावर वाजाचं मत विचारलं. "वाजा, ज्याला सावली हवी होती त्यानं." त्याच गावात खडकात खोदलेल्या थडग्यांचं कबरस्तान आहे, त्याला जिन्नांचं म्हणतात. तिथं मात्र तो गाडीतून उतरला नाही.

परतताना सय्यद गुलाम रसूलचा दर्गा. हा माणूस हिंदुस्थानातून आलेला आणि लग्नाच्या रात्रीच वारला असं सांगतात. म्हणून त्याची आठवण करायला लोक जमतात ते रडायला नाही, लग्नाच्या थाटात, ढोल वाजवत. आतल्या भिंतींवरची वेलबुट्टी पाहून ही पुटपुटली, "हा नक्की आपल्याकडचाच."

दिवस तिसरा

हा दिवस मी पुरवून पुरवून लिहिणार आहे.

चाबहारहून समुद्राला उजव्या हाताला ठेवून रस्ता पूर्वेकडं जातो, थेट पाकिस्तानच्या सीमेवरच्या ग्वातरपर्यंत, शंभरेक किलोमीटर. पहिलं गाव रामीन. इथं पावसाळ्यात मोठ्या लाटा येतात आणि पोरं फळ्या घेऊन त्यांच्यावर स्वार होतात. पावसाळ्यात म्हणजे आपल्या पावसाळ्यात. जो नैर्ऋत्य मोसमी वारा जूनमध्ये आमच्या कौलांवर दणके देतो, त्याचीच शेपूट इथं समुद्र उसळवते, हवा थंड करते, आणि पाऊस मात्र देत नाही. चाबहारला वर्षाला शंभरेक मिलिमीटर पडला तरी पुष्कळ, आणि तोही बहुतेक हिवाळ्यात.

पुढं लिपारचं तळं. टेकड्यांमध्ये अडकलेलं पाणी, त्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे गुलाबी होणारं. आम्ही गेलो तेव्हा गुलाबी म्हणण्यापेक्षा कोकम सरबतात जास्त पाणी घातल्यासारखं दिसत होतं. पाच मिनिटं थांबलो.

मग ते डोंगर सुरू झाले ज्यांना सगळे मंगळाचे डोंगर म्हणतात. नकाशावर वाचून वाटलं होतं, जाहिरात असणार. नाही हो. राखाडी-पांढऱ्या, मऊ मातीच्या भिंती, उभ्या चिरांनी कोरलेल्या, एकामागं एक, मैलोन्‌मैल, त्यावर गवताची काडी नाही. हातानं खरवडलं तर पीठ पडतं. ही समुद्रतळाची माती आहे. अरबी भूपट्ट इथं आशियाच्या पोटाखाली सरकतोय आणि त्याच्या पाठीवरचा गाळ खरवडून वर चढतोय. सुतारानं रंधा मारला की पुढं भुसा गोळा होतो ना, तसा. मकरानचा सगळा किनारा म्हणजे तो भुसा. १९४५ च्या नोव्हेंबरात याच फटीत मोठा भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या आणि तिथंही माणसं गेली. ही एका सावलीत बसून शंख वेचत होती, रस्त्यापासून कितीतरी उंचावर.

वाटेत दोन ठिकाणी तपासणी. पासपोर्ट पाहिले, "हिंद?" म्हणाले, सोडलं. मागच्याच एप्रिलात चाबहार आणि रास्कमध्ये सुरक्षा दलांच्या ठाण्यांवर हल्ले झाले होते, त्यामुळे पहारा कडक. समोरून निळे पिकअप भरधाव येत-जात होते, मागं ताडपत्रीखाली कॅन. डिझेल. इराणात मातीमोल भावाचं इंधन सीमेपलीकडं न्यायचं. हे करणारे 'सूख्तबर'. वाजाचा धाकटा मुलगा हेच करायचा. "नोकरी असती तर कोण बसेल त्या बॉम्बवर?" एवढंच म्हणाला आणि रेडिओ लावला.

बेरिसला दुपारी पोहोचलो. गाव कड्यावर आणि बंदर खाली. वरून पाहिलं तर लाटरोधकाच्या कवेत शेकडो होड्या, निळ्या-पांढऱ्या, आणि मोठ्या लाकडी 'लेंज'. आपली लाँच आणि यांची लेंज बहुधा एकाच इंग्रजी बापाच्या.

खाली उतरलो आणि मी घरी पोहोचलो.

धक्क्यावर लिलाव चालला होता. टोपल्या नव्हत्या, प्लॅस्टिकचे क्रेट होते. बाकी सगळं तेच. बर्फाचा चुरा, मांजरं, ओरडणारा दलाल, काही न बोलता डोळ्यांनी भाव करणारे व्यापारी. एका क्रेटमध्ये काळपट चपटे मासे. मी वाजाला मराठीतच म्हटलं, "हा हलवा." तो चमकून बघायला लागला. "तुला कसं माहीत?" फार्सीत याला 'हलवा सियाह' म्हणतात, काळा हलवा. आणि शेजारच्या क्रेटमधला आपला पापलेट म्हणजे 'हलवा सफेद'. मी आयुष्यभर हलवा खात आलो; गोड पदार्थाचं नाव माशाला का, हा प्रश्न लहानपणी आईला विचारून धपाटाही खाल्लाय. उत्तर इथंही मिळालं नाही, पण प्रश्न विचारणारा मी एकटा नाही एवढं कळलं. सुरमईला इथं 'शीर माही' म्हणतात. कुप्याच्या जातीचा 'हूवर' तर ढिगानं, तांबड्या मांसाच्या ओंडक्यांसारखा रचलेला.

मग मी चेकाळलोच. होडीच्या मालकाला काय म्हणता? नाखुदा. आमचा नाखवा! बंदर? बंदर. नांगराला? लंगर. समुद्राला? दर्या. तिथं चार-पाच खलाशी जमले. माझी परीक्षा सुरू झाली. मी एकेक शब्द टाकायचो आणि ते "हां हां" करत टाळ्या द्यायचे. बलुची आकडे विचारले. यक, दो, सै, चार, पंच. पंच! फार्सीत 'पंज' म्हणतात, बलुचीनं जुना 'च' सोडलेला नाही. पाण्याला फार्सीत 'आब', बलुचीत 'आप'. संध्येच्या आचमनातलं 'आप' सुन्नी मुसलमान खलाश्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. वाऱ्याला 'ग्वात', म्हणजे आपला वात.

इथले लेंज महिना-महिना बाहेर असतात, पार सोमालियाच्या समुद्रापर्यंत जातात. या किनाऱ्यावरचे खलाशी चाच्यांच्या हाती सापडून वर्षानुवर्षं अडकल्याचीही उदाहरणं आहेत. सिकंदराच्या आरमाराचा सरदार निआर्कस इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये या किनाऱ्यानं गेला. इथले लोक मासेच खातात, गुरांनाही मासेच घालतात, देवमाशाच्या हाडांची घरं बांधतात असं त्याच्या वृत्तान्तात आहे. सिकंदर स्वतः आतल्या वाळवंटातून गेला आणि त्याच्या फौजेची तहानेनं वाताहत झाली. नाखव्याला वाटाड्या केला असता तर?

रात्री एका कोळ्याच्या घरी मुक्काम. हलवा कालवणात. तिखट चक्क आपल्याएवढं. इराणात इतरत्र मिरची शोधावी लागते. खोबरं मात्र नव्हतं. हिनं ते दोनदा बोलून दाखवलं.

दिवस चौथा

ग्वातर. रस्ता संपतो तिथं एक चौकी, एक मशीद, थोडी घरं. छोट्या बोटीनं खाडीत गेलो. समोरचा किनारा पाकिस्तान. मधल्या चिखलात 'हर्रा'ची झाडं. जवळ गेलो, पान उलटून पाहिलं, खालून चंदेरी. तिवर! वाशिष्ठीच्या मुखाशी हेच तिवर आहे. इथं ती जपलेली आहेत. ही जागा जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. लिपारची कसर भरून निघाली.

मग समुद्राकडं पाठ फिरवून आत, दश्तियारीत शिरलो. सपाट, फिकट, मध्येच एखादं बाभळीसारखं झाड. वाजा म्हणाला, आता हूतग बघ.

'हूतग' म्हणजे जमिनीत खणलेला मोठा खड्डा, भोवती मातीचा बांध. पावसाचं वाहून आलेलं पाणी त्यात साठवायचं, मग वर्षभर तेच. आम्ही थांबलो तिथं पाणी चहासारखं होतं, दूध घातलेल्या. एका काठाला दोन उंट पीत होते. दुसऱ्या काठाला एक बाई पिवळा कॅन आडवा धरून भरत होती, तळहातानं वरचा कचरा बाजूला सारत. गावात टँकर येतो, काही ठिकाणी नळही पोहोचलेत. पण टँकर चुकला की हूतग. मुलं घसरून यात बुडतात. आणि नदी आटली की मगरी चालत येऊन यातच मुक्काम ठोकतात. एका लहान मुलीचा हात मगरीनं नेला, ती बातमी २०१९ मध्ये इराणभर गाजली होती.

त्याच गावात वाजाच्या बहिणीचं घर. अंगणात शिरताना भिंतीवर मला एक रेघ दिसली. खाली मातकट, वर पांढरी. छातीएवढ्या उंचीवर. २०२० च्या जानेवारीत इथं महापूर आला, मग २०२४ च्या फेब्रुवारी-अखेरीस पुन्हा. जिथं प्यायला पाणी नाही तिथं घरात पाणी. मी रेघेवर हात ठेवून उभा राहिलो. आमच्या घरात २२ जुलै २०२१ ची अशीच रेघ आहे, दोनदा रंग काढूनही ओल आली की दिसते. हिनं वाजाला ते सांगितलं, त्यानं बहिणीला. बहीण आत गेली आणि कुराण ठेवायचं, भिजून फुगलेलं लाकडी स्टँड घेऊन आली. आम्ही फोनमधले चिखलानं भरलेल्या दिवाणखान्याचे फोटो दाखवले. भाषेची गरज पडली नाही.

बलुचांत पाहुणा बसला की आधी 'हाल' घ्यायचा. कुठून आलात, वाटेत काय पाहिलं, कोण भेटलं, पाऊसपाणी कसं. मग यजमान आपला हाल सांगणार. वर्तमानपत्र नव्हतं तेव्हा हेच वर्तमानपत्र. माझा हाल वाजानं भाषांतरित केला. माझ्या दोन वाक्यांची त्याच्याकडं दहा व्हायची. काय घालत होता देव जाणे, पण लोक कौतुकानं मान डोलवत होते.

हिला बायकांच्या खोलीत नेलं. बाहेर आली ती दीड तासानं, अंगावर 'पश्क' चढवून. पश्क म्हणजे बलुची बायकांचा घोळदार झगा. छातीवर, बाह्यांना आणि पुढच्या लांब खिशाला सुईचं भरतकाम. तो खिसा, 'पंदोल', कमरेपासून थेट खाली जातो आणि त्यात संसार मावतो. नमुना कापडावर आखत नाहीत, धागे मोजून थेट टाका घालतात, मागची बाजूही पुढच्याइतकी नेटकी. एक पश्क पुरा व्हायला महिने लागतात आणि व्यापारी देतो ते पैसे महिन्यांच्या हिशेबात बसत नाहीत, ही तक्रार हिनं ऐकून आणली. कशिदा घेतला तो म्हणून थेट त्या मुलीकडूनच, घासाघीस न करता. माझी बायको घासाघीस न करता काही विकत घेते हे मी प्रथमच पाहिलं.

रात्री शेजारचा एक तरुण वाद्य घेऊन आला. लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि त्यावर टाइपरायटरसारख्या कळा. 'बेंजू'. मी उडालोच. हा तर बेंजो! गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत नाचून आमची अर्धी पिढी मोठी झाली. मूळ वाद्य जपानी, ताइशोगोतो. तिथून ते हिंदुस्थानात बुलबुलतरंग झालं आणि बलुचांकडं बेंजू. पण यांनी ते कुठल्या कुठं नेलंय. डावा हात कळांवर इतका हलका की सूर दाबला जात नाही, नुसता सरकतो. पोरानं 'ग्वाती'ची धून वाजवली. माणसाला वारा, म्हणजे ग्वात, झपाटतो; मग वादक रात्ररात्र वाजवून तो उतरवतात. वाजा समजावून सांगायला लागला की वारा अंगात येतो म्हणजे काय. म्हटलं, राहू दे वाजा. आमच्याकडं देवळात 'अंगात वारं' येतं तेव्हा ढोल वाजवणारा माझा चुलता आहे.

दिवस पाचवा

बाहू कलात. सरबाज नदी डोंगरांतून खाली येते आणि इथं तिला हेच नाव पडतं. काठाला केळी, पपई, आंबे आणि चिकू. चिकूला इथंही चिकूच म्हणतात. बागवाल्यानं कापून दिला, उगाच अभिमानानं खाल्ला. घोलवडची सर नाही.

आम्ही आलो होतो गांदोसाठी. गांदो म्हणजे मगर, तीच आपली दलदली मगर, आणि जगात या जातीची पश्चिमेकडची शेवटची वस्ती ही. नदीच्या एका डोहाजवळ वनखात्याच्या माणसानं हातानं खूण केली. खाली बसलो. काहीच नव्हतं. वीस मिनिटं. मग समोरच्या काठावरचं लाकूड उघडझाप करायला लागलं. आठेक फुटी असेल. जबडा उघडा, दातांत अडकलेलं शेवाळ, पोटाची फिकट पिवळी बाजू चिखलात रुतलेली. श्वास घेताना फक्त जबड्याच्या मागची कातडी हलायची, पिशवीसारखी. एक शेळी पाण्याला आली, तिच्यापासून बारा-पंधरा फुटांवर प्यायली आणि गेली. गांदोनं डोळाही फिरवला नाही.

लोक गांदोला मारत नाहीत. गांदो आहे तिथं पाणी आटत नाही, असं मानतात. खरं तर पाणी आहे तिथं गांदो, पण हे मी बोललो नाही. मुलीचा हात जाऊनही कोणी बंदूक काढली नाही. हूतगांना कुंपणं घाला, नळ द्या, ही मागणी झाली. मगरीनं काय करायचं, तिलाही पाणी पाहिजेच ना, वाजा म्हणाला.

मी त्याला फोनवर चिपळूणचा व्हिडिओ दाखवला. २०२४ चा, भर पाऊस, रिक्षाच्या दिव्यात भलीमोठी मगर डांबरी रस्त्यावरून चाललेली. त्यानं तो तीनदा पाहिला. मग वनखात्याच्या माणसाला दाखवला, त्यानं स्वतःच्या फोनवर मागून घेतला. व्हॉट्सॲपवरची बंदी महिन्यापूर्वीच उठली होती, बरं झालं. "रस्त्यावर?" वाजा विचारत राहिला. "आणि लोक?" म्हटलं, लोक व्हिडिओ काढत होते.

दिवस सहावा

पश्चिमेला दरक. वाळूचे डोंगर, खजुराची झाडं आणि समुद्र एकाच ठिकाणी येतात, म्हणून तेहरानचे पर्यटक तिथं गर्दी करतात. सुंदर आहे. गाडी वाळूत रुतली, चार पोरांनी ढकलून काढली आणि वर चहा पाजला. जाताना तंगजवळ चिखलाचा ज्वालामुखी पाहिला, करड्या चिखलाचा शंकू, मध्ये बुडबुडा फुगतो आणि 'बुळुक' करून फुटतो. ही म्हणाली, आमटी उकळतेय. जास्त लिहीत नाही, दोन्हींचे फोटो सगळीकडं सापडतील.

दिवस सातवा

पहाटे कोनारक. वाजानं आम्हाला खजुराचा डबा आणि पीश नावाच्या बुटक्या ताडाच्या पानांची विणलेली टोपली दिली. आम्ही त्याला आमसुलं दिली. कालवणात घालायची हे चार वेळा सांगितलं, तरी तो चहात घालेल अशी मला शंका आहे. गाडीत बसून विमानाची वाट पाहत होतो, या वेळी मेसेजची खात्री करून. त्याचा शेवटचा हाल घ्यायचा राहिला होता म्हणे.

"वाजा, तुझ्या गावात वर्षाला पाऊस किती?"

"साडेतीन हजार मिलिमीटर तरी असेल."

त्यानं मनात काहीतरी मोजलं. दूर धावपट्टीकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "तोमान की रियाल?"